इंटरनेटचं ताबापत्र

माझ्या घरच्या इंटरनेटचा पासवर्ड '१२३४५६' होता, हे मला कनेक्शन घेतल्यावर दीड वर्षाने कळलं. तेही एका विशीतल्या मुलाच्या मोबाइलमध्ये डोकावून. आता तो बदललाय, म्हणून छापायला हरकत नाही.

मी सांगलीला गावभागात राहते. जुन्या घराच्या माडीवर एका खोलीत माझं डीटीपीचं काम चालतं. लग्नपत्रिका, संस्थांचे वार्षिक अहवाल, कुणाच्या एकसष्टीचा गौरवग्रंथ, आणि श्रावण सरला की दिवाळी अंक. पेजमेकर आणि श्रीलिपीवर हात बसला त्या काळापासून हे करते आहे. दिवाळी अंकाच्या दिवसांत माझं घर म्हणजे लगीनघर असतं. मजकूर येतो, प्रूफं जातात, जाहिरातवाले शेवटच्या क्षणी लोगो बदलतात, आणि हे सगळं एका वायरीतून होतं.

गेल्या वर्षी अनंत चतुर्दशीच्या रात्री ती वायर तुटली. मिरवणूक आमच्या बोळाच्या तोंडाशी आली. मूर्ती उंच, केबली लोंबत्या. दोन पोरं बांबूच्या बेचक्याने केबली उचलत मूर्तीच्या पुढे चालली होती. हा आपल्याकडे दर वर्षीचाच सोहळा. गणपतीतून वाचलेली केबल पुढे गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या तोडतात. त्या रात्री बांबू निसटला, आणि खालच्या सोप्यातल्या राउटरवर एलओएस नावाचा बारीक दिवा लाल लुकलुकायला लागला. एलओएस म्हणजे सिग्नल हरवला. काचेच्या तारेतून येणारा उजेड घरापर्यंत पोचत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

मी तक्रारीच्या नंबरवर फोन लावला. पलीकडच्या मुलीने हिंदीत विचारलं, बंद करून चालू केलं का? केलं. मग म्हणाली, डब्याच्या मागे एक बारीक भोक आहे, त्यात पिन घालून दहा सेकंद दाबून धरा. मी पदराची सेफ्टी पिन काढली आणि इमानदारीने दहा आकडे मोजले. तुटलेली केबल पिनेने कशी सांधणार, हा प्रश्न तेव्हा माझ्या डोक्यात आला नाही. तिच्याही आला नसावा.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघं जण आले. एक शिडीवर, एक ओट्यावर. ओट्यावरच्याने वहीएवढं एक यंत्र मांडलं. केबलीवरचं काळं कवच सोललं, आतून केसाएवढी काचेची तार निघाली. ती त्याने अल्कोहोलने पुसली, एका छोट्या अडकित्त्यासारख्या हत्यारात धरून टोक सरळ कापलं, आणि कापलेला तुकडा चिकटपट्टीवर नीट टिपून घेतला. "काकू, ही काच पायात गेली तर दिसायची न्हाई," म्हणाला. सासूबाई घरभर अनवाणी फिरतात, त्यामुळे मला त्याचं हे वागणं फार आवडलं. मग दोन टोकं यंत्रात समोरासमोर ठेवली, बटण दाबलं, विजेची एक ठिणगी, आणि काच काचेला चिकटली. पहिला सांधा बिघडला. मीटरवर मायनस एकोणतीस आलं. त्याने तोडून पुन्हा मारला. मायनस एकवीस. या हिशोबात आकडा शून्याकडे सरकला की उजेड वाढला, आणि सत्तावीस-अठ्ठावीसच्या पलीकडे गेला की डब्याला दिसेनासं होतं, हे त्यानेच मला समजावून सांगितलं.

लाल दिवा विझला, शेजारचा पॉनचा दिवा हिरवा स्थिर झाला. पण इंटरनेटचा दिवा काही लागेना.

"काकू, लाइट तर आली. डबा रीसेट केलाय का कुनी?"

"मीच केला. तुमच्याच ऑफिसने सांगितलं म्हणून."

"मग यूजरनेम-पासवर्ड परत टाकाय लागंल. ते आमच्याकडं नसतंय. त्यो कॉन्फिगरचा पोरगा बघतोय."

"मग त्याला बोलाव की."

"त्यो गावाकडं गेलाय. सोमवारी येईल."

त्या दिवशी शुक्रवार होता. एका अंकाची एकशे साठ पानं प्रूफाला जायची होती. मोबाइलचं हॉटस्पॉट लावून भागवलं. दिवसाचा दीड जीबीचा कोटा दुपारी तीनला संपायचा, मग नवऱ्याचा मोबाइल, मग सासूबाईंचा. सोमवारी तो मुलगा आला. स्वतःच्या मोबाइलवर व्हॉट्सअॅपचा एक ग्रुप उघडला, माझं नाव शोधलं आणि वाचून दाखवलं. यूजरनेम म्हणजे माझाच मोबाइल नंबर आणि त्याला जोडून कंपनीचं नाव. पासवर्ड एक ते सहा. "समद्यांचा ह्योच असतोय काकू." दीड मिनिटात काम झालं. चहा ठेवला होता, तो उकळायच्या आत.

माझी तक्रार केबल तुटण्याबद्दल नाही. वायर म्हटल्यावर तुटायचीच. तक्रार त्या दीड मिनिटाबद्दल आहे. ज्या कनेक्शनचे पैसे मी सहा महिन्यांचे आगाऊ भरते, ज्याचा डबा माझ्या भिंतीवर माझी वीज खातो, त्याची किल्ली माझ्याकडे नव्हती. ती परक्या मुलांच्या मोबाइलमध्ये, एका ग्रुपवर, शेदोनशे किल्ल्यांच्या जुडग्यात पडून होती. आपण फ्लॅट घेतो तेव्हा नुसती भिंत बघून पैसे देत नाही. ताबा घेतो, ताबापत्र घेतो, किल्ल्या मोजून घेतो. इंटरनेटच्या बाबतीत मात्र दिवा हिरवा झाला की आपण धन्यवाद म्हणतो आणि दार लावतो. जोडणी मिळते. ताबा मिळत नाही.

हे नेहमीच असं नव्हतं, म्हणून जास्त टोचतं.

बीएसएनएलची डेटावन ही ब्रॉडबँड सेवा जानेवारी २००५ मध्ये सुरू झाली. आमच्याकडे ब्रॉडबँड पुढच्या वर्षी आलं, घरातल्या जुन्या फोनच्याच तांब्याच्या तारेवर. तेव्हा ब्रॉडबँड म्हणजे काय, तर सरकारच्या २००४ च्या धोरणाप्रमाणे किमान २५६ केबीपीएस. (ही व्याख्या २०१३ मध्ये ५१२ केबीपीएसवर आणि २०२३ मध्ये २ एमबीपीएसवर नेली.) बसवायला आलेले गृहस्थ निवृत्तीला टेकलेले होते. पायजमा-शर्ट, खांद्याला टेस्टिंगचा फोन. त्यांनी भिंतीच्या खोक्यापाशी एक छोटा स्प्लिटर लावला आणि म्हणाले, "वहिनी, एका तारेतनं दोन गाड्या जाणार. बोलणं खालच्या पट्टीत, इंटरनेट वरच्या पट्टीत. हा डबा दोघांना वेगळं करतो. हा काढला तर फोनवर खरखर येईल आणि नेट तुटंल." भौतिकशास्त्राच्या पुस्तकात हेच अर्ध्या पानात लिहिलेलं असतं.

मग त्यांनी माझ्याकडून वही मागितली. शेवटच्या पानावर स्वतःच्या हाताने लिहिलं: यूजरनेम, पासवर्ड, मोडेमचा पत्ता १९२.१६८.१.१, मोडेमचा पासवर्ड, व्हीपीआय शून्य, व्हीसीआय पस्तीस. खाली चार दिव्यांची नावं आणि कुठला दिवा गेला तर काय समजायचं ते. "तुम्हाला आज यातलं काही कळायचं नाही, पण पान फाडू नका," म्हणाले. संगणकावर 'ब्रॉडबँड कनेक्शन' नावाचं चित्र आणलं, माझ्याकडून दोनदा कनेक्ट करून घेतलं, आणि मग चहा घेतला.

सहा महिन्यांनी संगणकात व्हायरस शिरला. दुरुस्तीवाल्याने विंडोज नव्याने टाकलं आणि जाता जाता म्हणाला, "नेट टाकून द्यायचे तीनशे वेगळे." तेव्हा वही उघडली. कंट्रोल पॅनेल, नेटवर्क कनेक्शन, नवीन कनेक्शन, इंटरनेटशी जोडा, यूजरनेम-पासवर्ड मागणारं ब्रॉडबँड. पाच-सहा टिचक्या. यूजरनेम टाकलं, पासवर्ड टाकला, कनेक्ट दाबलं, आणि 'एरर ६९१'. पोटात गोळा आला. पान पुन्हा बघितलं तर पासवर्डमधलं एक अक्षर मी मोठ्या लिपीत टाकलं होतं. ६९१ म्हणजे नाव किंवा पासवर्ड चुकला, ६७८ म्हणजे पलीकडून उत्तरच नाही, हे तेव्हापासून पाठ झालं. ६९१ आला तर आपण तपासायचं, ६७८ आला तर मोडेम आणि तार बघायची. एवढं कळलं आणि तीनशे रुपये वाचले. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे भीती गेली.

वेगाचं म्हणाल तर तो काळ काही सोन्याचा नव्हता. चारशे एमबीची फाइल २५६ केबीपीएसने वर चढवायची तर सरळ हिशोबानेच साडेतीन तास लागतात, आणि तेही मध्ये तुटलं नाही तर. त्यामुळे दिवाळी अंकाची शेवटची सीडी मी कोल्हापूरच्या छापखान्याला एसटीच्या पार्सलनेच पाठवायची. रात्री दोन ते सकाळी आठ डाउनलोडला मोजणी नव्हती, म्हणून गजर लावून उठणारे माझ्यासारखे पुष्कळ होते. ते दिवस परत यावेत असं मी मुळीच म्हणत नाही. ते वहीचं पान मात्र परत यावं.

आता फायबर घेतलं त्या दिवसाकडे वळते. दोन मुलं आली, भिंतीला भोक पाडलं, केबल ओढली, डबा टांगला, माझ्या मोबाइलवर वायफाय जोडून स्पीड टेस्ट दाखवली. २०० एमबीपीएस. "झालं काकू, पाच स्टार द्या." म्हटलं, थांबा, माझं काम मोबाइलवर चालत नाही. आमच्या घराच्या भिंती हातभर जाड आहेत. खालच्या सोप्यातलं वायफाय माडीवर पोचेपर्यंत त्याचा जीव गेलेला असतो. आणि टेबलावर एका जागी बसलेल्या संगणकाला हवेतून इंटरनेट पाजायची गरजच काय? वायर द्या. त्यांनी कुरकुरत अठरा मीटर लॅन केबल जिन्याच्या कडेने वर आणली, दोन्ही टोकांना प्लग दाबले, दिवा लागला, आणि मुलं गेली.

रात्री माडीवर स्पीड टेस्ट लावली. ९४. पुन्हा लावली. ९४. दुसऱ्या दिवशी सकाळी, ९४. फोन केला तर उत्तर आलं, "तुमचा कॉम्प्युटर जुना असंल." संगणक घेऊन वर्षही झालं नव्हतं. बरं, खराब लाइनचा वेग असा एकाच आकड्यावर मेखेसारखा रुतून बसत नाही, तो वरखाली होतो. मी सेटिंग्जमध्ये इथरनेटची माहिती उघडली. तिथे स्वच्छ लिहिलं होतं: लिंक स्पीड १००.

गोम अशी आहे. लॅन केबलीत आठ तारा असतात, दोन-दोन पिळलेल्या अशा चार जोड्या. शंभरच्या वेगाला त्यातल्या दोन जोड्या पुरतात. हजारच्या वेगाला चारही लागतात. एखादी तार प्लगमध्ये नीट बसली नसेल तर संगणक आणि राउटर आपसात समजूत करून शंभरवर येतात आणि गुपचूप काम चालू ठेवतात. शंभरातले पाच-सहा पाकीट बांधण्यात जातात, उरतात ९४-९५. दिवा हिरवाच. कुठलाही एरर नाही. मी दोनशेचे पैसे भरतेय आणि निम्मा वेग एका इवल्याशा प्लगात अडकलाय, हे मला कुणी सांगणार नव्हतं.

मारुती रोडवरून क्रिंपिंगचं पकडीसारखं हत्यार, मूठभर प्लग आणि एक टेस्टर घेऊन आले. टेस्टरवर एक ते आठ दिवे ओळीने लागतात. सातवा लागला नाही. पांढरी-तपकिरी तार आखूड कापली गेली होती. मग चष्मा बदलला, टेबललॅम्प ओढला आणि बसले. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. रंग क्रमाने लावणं हे तर माझं रोजचंच काम. पण मनात प्रश्न आला, हिरवी जोडी अशी फाकवून मध्ये निळी का घुसवलीय? नंतर कळलं की मधल्या दोन जागा जुन्या टेलिफोनच्या जोडीला धरून ठेवल्या आहेत. म्हणजे माझ्या सासऱ्यांनी नंबर लावून वाट बघितलेल्या त्या काळ्या फोनची जागा आजच्या केबलीतही राखून ठेवलेली आहे. मला ते वाचून बरं वाटलं.

तीन प्लग वाया गेले. चौथ्याला आठही दिवे ओळीने लागले. संगणकावर लिंक स्पीड एक हजार, टेस्टवर २०३. चारशे एमबीची जी फाइल एके काळी साडेतीन तास खायची, ती आता पदर खोचेपर्यंत कोल्हापूरला पोचते. नवरा म्हणाला, "तू आणि तुझी वायर." मी ते कौतुक समजले.

वाचकांपैकी काहींच्या मनात आता येईल की बाईंना हौस आहे, आम्हाला नाही. बरोबर आहे. प्रत्येकाने प्लग दाबायला शिकावं असं माझं म्हणणं नाही. आमच्या शेजारच्या काकांचं तर स्पष्ट मत आहे: "चालू झाल्याशी मतलब. आत काय आहे ते आपल्याला कशाला?" पण हेच काका घरातला गॅस लागेना तेव्हा रेग्युलेटर काढून, शिट्टी ऐकून, वास घेऊन परत बसवतात. गॅस कनेक्शन घेताना आपल्याला पुस्तक मिळतं. त्यात ग्राहक क्रमांक असतो, तक्रारीचा नंबर असतो, काय करावं आणि काय करू नये ते मराठीत छापलेलं असतं. सिलिंडर आणि रेग्युलेटर तर कंपनीचेच, आपण फक्त अनामत भरतो. तरी पुस्तक आपल्या हातात असतं. तेव्हा 'राउटर कंपनीच्या मालकीचा आहे' हे उत्तर मला पटत नाही. डबा कंपनीचा असेल, पण माझ्या नावाचं खातं माझं आहे.

दुसरी सबब सुरक्षेची. 'ग्राहकाला पासवर्ड दिला तर तो वाट्टेल ते करून ठेवतो, मग पुन्हा आम्हालाच फेऱ्या.' यात तथ्य आहे, मी स्वतः सेफ्टी पिन घेऊन उभी होते. पण ती पिन मी कुणाच्या सांगण्यावरून घातली? आणि ज्या व्यवस्थेत गल्लीभर सगळ्यांचा पासवर्ड एक ते सहा आहे, तिने सुरक्षेचं नाव काढू नये. माझ्या राउटरच्या आत शिरायचा पासवर्डही कारखान्यातून आला तोच होता. आज बँकेचे व्यवहार, आधारची कामं, पोरांचे निकाल या डब्यातून जातात. घराला नवं कुलूप लावून किल्ली वेलीला टांगण्यातला हा प्रकार आहे.

तिसरी बाजू त्या मुलांची, आणि ती मला खोटी वाटत नाही. कॉन्फिगरवाला मुलगा म्हणाला, "काकू, कनेक्शनमागं पैसे मिळत्यात. समजावत बसलो तर दिवसात तीन हुतील." त्याला दोष देऊन काय उपयोग? निवृत्तीला टेकलेल्या त्या गृहस्थांना पगार होता, घाई नव्हती. या मुलाला घाईचेच पैसे आहेत. म्हणूनच हे काम त्याच्या चांगुलपणावर सोडता कामा नये. छापील कागद असला की समजावण्याची दहा मिनिटं वाचतात, आणि काच चिकटपट्टीवर टिपून घेणाऱ्या मुलाच्या कसबाला थोडा उसंतीचा वेळ मिळतो.

तर माझी मागणी एका कागदाची आहे. घरात वायरचं इंटरनेट घेणाऱ्या प्रत्येकाला, कनेक्शन चालू झालं त्याच दिवशी, मराठीत छापलेलं एक पान मिळालं पाहिजे, आणि ते हातात पडल्याशिवाय बसवणाऱ्याचं काम पुरं झालं असं धरू नये. त्या पानावर खात्याचं यूजरनेम असावं आणि ग्राहकाने तिथल्या तिथे बदललेला पासवर्ड लिहायला मोकळी ओळ. राउटरच्या आत जायचा पत्ता आणि त्याचा पासवर्ड. योजनेचा उतरता वेग किती, चढता किती, महिन्याची मर्यादा किती, आणि ती संपल्यावर वेग कितीवर येतो. डब्यावरचा कुठला दिवा काय सांगतो. गल्लीतल्या माणसाचा नंबर, कंपनीचा नंबर. आणि मागच्या बाजूला ठळक अक्षरात: 'मागचं भोक पिनेने दाबू नका. दाबलं तर यूजरनेम पुसलं जातं.' यातली एकही गोष्ट गुपित नाही. छपाईचा खर्च मी धंद्यातली म्हणून सांगते, फारसा येत नाही.

हे दूरसंचार नियामक असलेल्या ट्रायने करायला हवं. ग्राहक संरक्षणाचे नियम ट्रायने केलेत, तक्रार क्रमांक देणं आणि पुढे अपील करायची सोय ठेवणं कंपन्यांना बंधनकारक केलंय. २०२४ मध्ये तर इमारतींना डिजिटल जोडणीबद्दल मानांकन देण्याचे नियमही आले. इमारतीचा विचार झाला, आता घरातल्या माणसाचा व्हावा. २०२४ मध्ये देशात मोबाइलवरची इंटरनेट कनेक्शनं नव्वद कोटींच्या आसपास होती, आणि वायरवरची सुमारे चार कोटी. ही चार कोटी घरं आणखी वाढणार. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये इंटरनेट वापरण्याचा हक्क शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग मानला. हक्क मानला तर त्याची किल्ली हक्कदाराकडे नको?

नियम येईल तेव्हा येईल. तोवर अनुभवाने शिकलेल्या चार गोष्टी सांगते. घर बांधत असाल किंवा रंगकाम काढलं असेल तर वायरमनला सांगून राउटरच्या जागेपासून संगणकाच्या टेबलापर्यंत एक रिकामा पाइप भिंतीत टाकून घ्या, विजेच्या तारांपासून वेगळा. आज लागला नाही तरी उद्या लागतो. बसवणारी मुलं जिना उतरायच्या आत, मोबाइलवर नको, संगणकावर वायर लावून वेग मोजा. तो ९४-९५ वर अडून बसला तर प्लग पुन्हा दाबून मागा. आकडा वाचताना एवढं लक्षात ठेवा की योजनेतले मेगाबिट आणि फाइलचे मेगाबाइट यांत आठाचा फरक आहे. २०० चं कनेक्शन म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त २५ एमबी. अर्ध्या भांडणांचं मूळ तिथेच असतं. जुन्या फोनला वीज एक्सचेंजकडून तारेतूनच यायची, म्हणून दिवे गेले तरी तो वाजायचा. आताच्या डब्याला घरचीच वीज लागते, तेव्हा त्याला छोटा बॅकअप जोडून घ्या. आणि तक्रार केली की डॉकेट नंबर, म्हणजे तक्रार क्रमांक, लिहून घ्या. त्याशिवाय पुढची पायरी चढता येत नाही. कंपनीत दाद लागली नाही तर ग्राहक न्यायालयाचं दार उघडं आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केलंय.

माझं ताबापत्र मी स्वतःच बनवलं. डीटीपीवाली आहे, दहा मिनिटांचं काम. ए-फोर कागद, मोठा टाइप, दिव्यांची चित्रं. गॅसच्या पुस्तकात घडी करून ठेवलंय, म्हणजे मी नसले तरी नवऱ्याला सापडेल. गल्लीतल्या अकरा घरांना त्याच्या कोऱ्या प्रती वाटल्या. शेजारच्या काकांनीही घेतली, 'आत काय आहे ते कशाला' म्हणत म्हणत.

तुम्ही एवढंच करा. आज संध्याकाळी तुमच्या इंटरनेटवाल्याला फोन लावा आणि विचारा, "माझं यूजरनेम काय, आणि माझा पासवर्ड काय?" उत्तर 'एक दोन तीन' असं सुरू झालं, तर पुढचं न ऐकता तो बदलून मागा.